दिवस सरता सरत नाही, वर्षे मात्र भराभर जातात : असे का होते?

प्रश्न : मी सांगलीच्या गावभागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. वय ६८. नोकरीत असताना दिवस कधी मावळला ते कळत नसे. आता दुपार सरता सरत नाही. तीनला पाहिलेले घड्याळ पुन्हा पाहावे, तर जेमतेम सव्वातीन झालेले असतात. पण दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच पुढची दिवाळी दारात उभी राहते. २०१९ च्या पुरात आम्ही वरच्या मजल्यावर काढलेले दिवस मात्र आजही दोन महिन्यांएवढे वाटतात. हे वयामुळे होते, की हा मनाचा आजार आहे? माझे यजमान ७६ वर्षांचे आहेत. मी दहा मिनिटे दुकानात जाऊन आले तरी ते “दोन तास कुठे होतीस?” असे विचारतात. त्यावर काय करावे?

उत्तर : लांबलेली दुपार आणि पळणारी वर्षे या आपल्या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे आणि ते केवळ वयात नाही. आपण वेळ दोन वेगळ्या रीतींनी जोखतो. चालू असलेली वेळ तिच्याकडे आपले किती लक्ष जाते यावरून लहान किंवा मोठी वाटते. सरलेली वेळ मात्र तिच्यातले काय काय आठवते यावरून ठरते. ज्या दुपारी काहीच घडत नाही, त्या दुपारी लक्ष पुन्हापुन्हा घड्याळाकडे वळते, म्हणून ती लांबते. तिच्यात आठवण्यासारखे काही नसते, म्हणून पुढे वर्षाचा हिशेब करताना ती मोजणीतच येत नाही. अशा शेकडो दुपारी हिशेबातून गळाल्या की अख्खे वर्ष आखूड भासते. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवून ठेवले होते की विविध अनुभवांनी भरलेला काळ जाताना लहान आणि मागे वळून पाहताना मोठा वाटतो, तर रिकाम्या काळाचे नेमके उलट होते. मानसोपचाराच्या रोजच्या कामात मला याहून उपयोगी सूत्र क्वचितच सापडले आहे. माझ्याकडे येणारी माणसे “वेळेचं काही कळेनासं झालंय” एवढेच सांगतात. त्यांची तक्रार चालू वेळेबद्दल आहे की गेलेल्या वेळेबद्दल, हे मी सर्वांत आधी विचारते, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकीवरचा उपाय कधीकधी दुसरी तक्रार वाढवतो.

वेळ जाणण्यासाठी शरीरात डोळ्या-कानासारखे एखादे इंद्रिय नाही, हे ध्यानात घेतले तर पुढचे बरेच सोपे होते. वेगवेगळ्या लांबीच्या काळासाठी मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. दिवस-रात्रीचे चक्र सांभाळण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लिअस हा सुमारे २०,००० पेशींचा लहानसा पुंजका करतो. बाहेरच्या उजेडाची खूण मिळाली नाही, तर त्याचा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा होतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. म्हणजे हे घड्याळ रोज किंचित मागे पडते आणि सकाळचा उजेड ते रोज पुन्हा लावतो. सांगलीसाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सांगली सुमारे ७४.६ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास. भिंतीवरचे घड्याळ देशाचे आहे, शरीर मात्र आपल्या गावच्या उजेडावर चालते. निवृत्तीनंतर जी माणसे सकाळी नऊपर्यंत पडदे ओढलेल्या खोलीत असतात, त्यांची झोप आणि भूक पुढे सरकत जाते, आणि दिवसाला आकार उरत नाही असे ती सांगतात, त्यामागे हेही एक कारण असते.

सेकंद आणि मिनिटे जोखण्याचे काम याहून वेगळ्या भागांकडे आहे. त्यात मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या गाठी, लहान मेंदू आणि डोपामिन हे रसायन यांचा मोठा वाटा आहे. पार्किन्सनच्या रुग्णांत डोपामिन कमी झालेले असते, म्हणून त्यांचा सेकंदांचा अंदाज चुकतो. या छोट्या काळाबद्दल आपल्या भागातल्या माणसाला मिरजेचे उदाहरण चटकन पटेल. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि त्यांच्या किराणा घराण्याची अतिविलंबित गायकी या परिसराच्या कानात मुरली. विलंबित एकतालाचे १२ मात्रांचे एक आवर्तन कधीकधी पाऊण मिनिटाहूनही अधिक चालते. म्हणजे दोन मात्रांमध्ये जवळजवळ चार सेकंदांचे अंतर पडते. माणसाला एक ठोका आणि दुसरा ठोका मिळून ‘लय’ अशी जाणवण्याची मर्यादा साधारण दोन सेकंदांपर्यंतच आहे. त्याहून जास्त अंतर पडले की ठोके सुटे सुटे ऐकू येतात. म्हणूनच तबलजी प्रत्येक मात्रेच्या पोटात बारीक बोल भरतो आणि गायक त्या भरण्याच्या आधाराने समेवर येतो. ज्याचा कान तयार नाही त्याला ते आवर्तन संपता संपत नाही, आणि जाणकाराला सम कधी आली ते कळत नाही. दोघांच्या मनगटावरचे घड्याळ एकच वेळ दाखवत असते.

आता आपल्या दुपारीकडे वळते. चालू वेळेबद्दल आज सर्वाधिक वापरले जाणारे स्पष्टीकरण डॅन झाके आणि रिचर्ड ब्लॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडले. त्याचा आशय असा की वेळेकडे जितके लक्ष जाईल तितकी ती अधिक मोजली जाते, आणि लक्ष दुसऱ्या कामात गुंतले की मोजणी गळत जाते. शाळेत असताना आपले लक्ष फळ्यावर, वह्यांवर आणि चाळीस पोरांवर वाटले गेलेले होते. वेळेच्या वाट्याला ते फारच थोडे येत असे. आता तीन ते पाच या वेळेत त्याला दुसरीकडे जाण्याचे कारणच नाही. त्यात आपण घड्याळाकडे पाहिले की एक मोजणी संपून दुसरी सुरू होते, आणि प्रत्येक वेळी ‘अजून एवढीच?’ ही निराशा तिच्यात मिसळते. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलेली माणसे पाहिली म्हणजे हे स्पष्ट दिसते. आपला नंबर कितवा आहे आणि आत किती वेळ लागेल हे ज्याला सांगितलेले असते, तो पाऊण तास शांत बसतो. ज्याला “थांबा, बोलावतो” एवढेच सांगितलेले असते, तो वीस मिनिटांत तीनदा उठून दाराशी जातो. वाट पाहण्यातली अनिश्चितता वेळेला सर्वांत जास्त ताणते. एस.टी. स्टँडवर गाडी अर्धा तास उशिरा आहे असे चौकशी खिडकीवरून एकदा कळले, की तोच अर्धा तास सुसह्य होतो, हा अनुभव आपल्यालाही असेल.

पुराच्या दिवसांत ही अनिश्चितता टोकाला गेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. त्या काळातून गेलेल्या अनेकांशी मी पुढे बोलले आहे, आणि त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते. जिन्याच्या पायऱ्या मोजणे. किती पायऱ्या बुडाल्या, शेवटच्या पायरीवर खडूने ओढलेली रेघ ओली झाली की कोरडी, कोयनेतून विसर्ग वाढला की घटला, अलमट्टीतून किती सोडले. घरातले कोणी ना कोणी दर पंधरा-वीस मिनिटांनी बॅटरी घेऊन खाली वाकून त्या रेघेकडे पाहत असे. लक्ष सगळे वेळेवर आणि पाण्यावर, करण्यासारखे काम नाही, वीज नाही, फोनची बॅटरी उतरलेली आणि पाणी कधी उतरेल याचे उत्तर कोणाकडेच नाही. चालू वेळ लांबण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट तेथे हजर होती. बहुतेक लांबलेला काळ आठवणीत आक्रसतो; पुराचा काळ मात्र आठवणीतही मोठा राहिला, कारण त्यातला प्रत्येक दिवस आधीच्या दिवसाहून वेगळा होता आणि भीतीने प्रत्येक तपशील पक्का कोरला गेला. नाव कधी आली, शेजारच्यांना कोणत्या खिडकीतून काढले, पिण्याच्या पाण्याची कळशी कोणी दिली, हे सारे आपल्याला दिवसवार सांगता येईल. त्याच वर्षातला मार्च महिना तसा सांगता येणार नाही. तेव्हा तो आठवडा दोन महिन्यांएवढा वाटणे हे विकाराचे लक्षण नाही. मात्र पावसाचा जोर वाढताच छाती धडधडणे, झोप उडणे किंवा नदीकाठच्या रस्त्याने जाणे टाळणे असे आजही होत असेल, तर त्यावर उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत.

भीतीने वेळ खरोखरच संथ होते का, हे तपासून पाहिले गेले आहे. पाटण भागातली वयस्क मंडळी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपाबद्दल सांगतात, तेव्हा जमीन काही मिनिटे हलत होती असेच सांगतात. प्रत्यक्षात असे तीव्र हादरे सेकंदांत मोजण्याजोगे असतात. डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून उताणे खाली सोडले. खाली जाळे होते. आपले पडणे किती वेळ चालले याचा त्यांनी केलेला अंदाज, दुसऱ्याचे पडणे पाहून केलेल्या अंदाजापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी मोठा होता. पण त्यांच्या मनगटावर एक यंत्र बांधले होते आणि त्यावर अंक इतक्या वेगाने उघडझाप करत होते की एरवी ते वाचता येत नसत. वेळ खरोखर संथ झाली असती, तर पडताना ते वाचता यायला हवे होते. ते वाचता आले नाहीत. म्हणजे संकटाच्या क्षणी डोळ्यांना जास्त दिसत नाही. आठवण जास्त दाट होते, आणि त्या दाटपणावरून आपण मागाहून वेळेची लांबी ठरवतो. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण अपघातातून वाचलेली माणसे “मला सगळं दिसत होतं, मग मी हात का दिला नाही?” म्हणून स्वतःला दोष देत बसतात. तेवढा वेळ तेव्हा त्यांच्या हाती नव्हता, हे मी त्यांना या प्रयोगाच्या आधाराने सांगू शकते.

सरलेल्या वेळेबद्दलचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका गुहेतून आला. मिशेल सिफ्र हा २३ वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १६ जुलै १९६२ रोजी आल्प्समधल्या स्कारासॉन गुहेत घड्याळाशिवाय राहायला गेला. जागे झाल्यावर, जेवताना आणि झोपण्यापूर्वी तो वर बसलेल्या सहकाऱ्यांना फोन करी. त्यांनी वेळ सांगायची नाही असे ठरलेले होते. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचे त्याला कळवले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. अंधार, थंडी आणि एकसारखे दिवस यांत त्याच्या जमाखर्चातून २५ दिवस नाहीसे झाले होते. मिनिटांचा अंदाजही ढळला होता : सेकंदाला एक या वेगाने १२० आकडे मोजायला सांगितल्यावर त्याला सुमारे पाच मिनिटे लागली. आणि तरीही त्याच्या झोप-जागेपणाचे चक्र जवळजवळ साडेचोवीस तासांचेच राहिले. शरीराचे घड्याळ चालू होते, मनाचा हिशेब तेवढा बुडाला होता. आपल्या घरात उजेड आहे, पेपर येतो, दूधवाला येतो. पण सोमवार आणि गुरुवार यांत काही फरकच उरला नसेल, तर आपल्या मनाच्या हिशेबावर त्याचा थोडाबहुत तोच परिणाम होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण दरवर्षी सातारा जिल्ह्यातून पायी जाते. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे सरकते. पहिल्यांदा वारी केलेल्या माणसाला विचारा. चालताना दिवस कसा गेला कळला नाही, असेच तो सांगतो. पाय दुखत असले तरी टाळ, अभंग, दिंडीतली माणसे आणि पुढचा विसावा यांत लक्ष गुंतलेले असते. पण घरी परतल्यावर त्याला वाटते की आपण कितीतरी महिने बाहेर होतो. चांदोबाच्या लिंबाचे रिंगण वेगळे आठवते, नीरास्नान वेगळे, एखाद्या गावात कोणी हाताने वाढलेली पिठलं-भाकरी वेगळी. रोज मुक्काम बदलतो, रोज माणसे बदलतात, म्हणून एकाही दिवसाची आठवण दुसऱ्या दिवसात मिसळून जात नाही. वेळेच्या दोन्ही तक्रारींवर एकाच वेळी चालणारा उपाय पाहायचा असेल, तर तो येथे दिसतो : लक्ष गुंतलेले आणि दिवस वेगवेगळे.

वयाचा प्रश्न उरतो. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग आणि पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा, म्हणून वय वाढले की वर्ष लहान वाटते, हे स्पष्टीकरण पॉल जाने या फ्रेंच विचारवंताने १८७७ मध्ये दिले आणि ते आजही सर्रास सांगितले जाते. हिशेब नेटका आहे, पण कारण म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही. तो खरा असता तर साठीच्या पुढच्या सर्वांची वर्षे सारख्याच वेगाने पळाली असती, आणि तसे दिसत नाही. मार्क विटमन आणि सांड्रा लेनहॉफ यांनी २००५ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील १४ ते ९४ या वयोगटातल्या सुमारे ५०० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. गेला आठवडा, गेला महिना, गेले वर्ष कसे गेले याच्या उत्तरांत वयानुसार फारसा फरक नव्हता. वेळ भराभर जाते, असेच बहुतेक सर्व वयांची माणसे म्हणाली. वयाचा परिणाम ठळकपणे दिसला तो गेल्या दहा वर्षांबद्दलच्या उत्तरांत. दहा वर्षे मोजायची तर आठवणींवाचून दुसरे साधन नसते, आणि पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी तरुणपणी एकामागून एक येतात. वयस्क माणसाला आयुष्य आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस वर्षे या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पहिली नोकरी, पहिली बदली, लग्न, पहिले मूल ही सारी तेथेच दाटलेली असतात. त्यामुळे पुढची दशके तुलनेने रिकामी भासतात. यात वयाचा दोष थोडा आहे; नव्या गोष्टी करणे आपण सोडून देतो, त्याचा दोष मोठा आहे, असे माझे मत आहे.

आपण विचारले आहे की हा आजार आहे का. आपण लिहिले आहे तेवढ्यावरून तसे दिसत नाही. नैराश्यात वेळ संथ होते हे खरे आहे, आणि रुग्ण ते फार वेदनेने सांगतात. जर्मनीतल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये त्या विषयावरचे पूर्वीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट दिसली. नैराश्यग्रस्त माणसाला वेळ सरकतच नाही असे वाटते, पण घड्याळाच्या मापाने मिनिटांचा अंदाज करायला सांगितला, तर तो इतरांपेक्षा फारसा वेगळा नसतो. मोजणी शाबूत असते. वाट पाहण्यासारखे पुढे काही उरलेले नसते. म्हणून दुपार लांबते याच्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टीत रस न उरणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक मंदावणे किंवा जगण्याचा कंटाळा येणे यांपैकी काही असेल, तर वेळ घालवण्याचे उपाय शोधत बसू नये, डॉक्टरांना भेटावे. ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत केलेल्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी वेळेचा वेग बदलल्याचे सांगितले. ज्यांना वेळ संथ वाटली त्यांच्यात वयस्क, तणावाखालची, हाती काम नसलेली आणि माणसांच्या भेटीगाठींबद्दल असमाधानी असलेली माणसे जास्त होती. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी बदलता येतात.

उपायांबद्दल आता नेमके सांगते. दुपार लांबते म्हणून मोबाइलवर छोटे व्हिडिओ पाहत बसणे हा उपाय बहुतेक घरांत आपोआप सुरू होतो. त्याने दुपार जाते, यात शंका नाही. पण संध्याकाळी काय पाहिले ते आठवत नाही. म्हणजे एक तक्रार मिटवताना दुसरी वाढते आणि वर्ष आणखी आखूड होते. आपण शिक्षिका होता, म्हणून मी आपल्याला शिकण्याचेच काही सुचवेन, आणि तेही हाताला लागणारे : पेटी, मोडी लिपी, विणकामाचा नवा प्रकार, काहीही. त्यात चुका होतील अशीच गोष्ट निवडावी, कारण चुकणाऱ्या हाताकडे लक्ष द्यावे लागते आणि ते लक्ष घड्याळावरून उठते. त्यासाठी दुपारी तीन ते साडेचार ही वेळ नक्की करावी. एखाद्या शेजारच्या मुलीला आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवले तर अधिक चांगले, कारण दुसऱ्याला दिलेली वेळ आपण टाळत नाही. आठवड्यातून एक दिवस बाकीच्या दिवसांहून वेगळा असावा. सकाळच्या उजेडात हरिपूरच्या रस्त्याने कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जावे, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जावे. जमेल तेव्हा दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वर पाहावे. फार दूर जाण्याची गरज नाही. दोन दिवस एकमेकांत मिसळू नयेत एवढाच हेतू आहे. रात्री झोपण्यापूर्वी वहीत त्या दिवसाची एकच अशी ओळ लिहावी, जी काल लिहिता आली नसती. “भाजी आणली” ही ओळ चालणार नाही. “मार्केट यार्डाच्या रस्त्याला नव्या हळदीचा वास आला” ही चालेल. काही दिवसांनी ती ओळ मिळावी म्हणून माणूस दिवसभर डोळे उघडे ठेवू लागतो, असे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि वर्षाअखेरीस ती वही चाळली की वर्ष आपल्या मूळच्या लांबीवर येते.

आपल्या यजमानांबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. हडसन होगलँड या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाची पत्नी १९३० च्या दशकात फ्लूने आजारी होती. तो थोडा वेळ औषधाच्या दुकानात जाऊन आला, तेव्हा आपण फार वेळ बाहेर होतात असे तिने ठामपणे सांगितले. त्याने तिला वेगवेगळ्या तापमानाला मनात साठ सेकंद मोजायला लावले आणि ताप जितका जास्त, तितकी तिची मोजणी भरभर होते असे त्याला आढळले. शरीरात काही बदलले की वेळेचा अंदाज बदलतो, हे त्यातून दिसते. म्हणून यजमानांचा प्रश्न हट्ट किंवा संशय समजून त्यावर वाद घालू नये. ताप, लघवीचा संसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणे, नवे सुरू झालेले औषध यांतले काही अलीकडे झाले आहे का, हे आधी पाहावे, विशेषतः हा प्रकार काही दिवसांतच अचानक सुरू झाला असेल तर. तो हळूहळू वाढत आला असेल आणि त्याबरोबर तेच तेच प्रश्न विचारणे, आजचा वार न आठवणे, सकाळी जेवलो की नाही याचा घोळ होणे असेही दिसत असेल, तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात असण्याची शक्यता धरून मेंदूविकारतज्ज्ञांकडे तपासणी करावी. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण यांच्या कमतरतेने होणारा विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो. कानांची तपासणीही करावी; ऐकू कमी येणारा माणूस घरात एकटा असला की त्याला बाहेरच्या हालचालींचा काहीच आधार मिळत नाही.

तोवर घरात एवढे करावे. बाहेर जाताना “दहा मिनिटांत येते” असे म्हणू नये, कारण दहा मिनिटे धरून ठेवणे हेच त्यांना जड जात असेल. त्यांच्या खुर्चीसमोर एक पाटी ठेवावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे : “दुकानात गेले आहे. पावणेपाचला परत. आल्यावर चहा.” समोर मोठ्या आकड्यांचे, वार आणि तारीख दाखवणारे घड्याळ असावे. हातात काहीतरी काम द्यावे. शेंगा सोलणे, मटार निवडणे, पेपरातले शब्दकोडे, जे त्यांना जमते ते. परत आल्यावर त्यांनी दोन तासांचा उल्लेख केलाच, तर घड्याळ दाखवून त्यांना चूक ठरवण्याऐवजी “वाट पाहावी लागली ना, आले बघा” असे म्हणावे आणि चहाला बसावे. किती वेळा असे घडते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, याची नोंद पंधरा दिवस ठेवून ती तपासणीला जाताना सोबत न्यावी. संध्याकाळी हा प्रकार वाढत असेल तर तेही लिहावे, कारण उपचार ठरवताना डॉक्टर तेच आधी विचारतील.